पिनपॉइंटर हवेतच ओरडतो, खड्ड्यात मात्र गप्प? दुरुस्तीला पाठवण्याआधी हे तपासा

मेटल डिटेक्टरने खणखणीत सिग्नल दिलेला असतो, ढेकूळ अलगद उलटून ठेवलेलं असतं. आता नाणं खड्ड्याच्या कुठल्या भिंतीत अडकलंय एवढंच बघायचं म्हणून कमरेचा पिनपॉइंटर (धातूची नेमकी जागा दाखवणारा हातात मावणारा छोटा शोधक) काढावा, तर तो एक तर सगळ्या मातीलाच बीप-बीप करत सुटतो, नाही तर ब्र काढत नाही. जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधण्याच्या छंदाला नव्याने लागलेल्यांची ही तक्रार ठरलेली आहे. तोवर त्यांनी सेल बदललेला असतो, सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलतेची पायरी) खाली-वर करून पाहिलेली असते, आणि "पीसच खराब आला" असा निकालही देऊन टाकलेला असतो. पीस खराब निघतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ दुसरीकडेच असतो: पॉइंटर कुठे आणि कशाच्या शेजारी चालू केला, यात.

आतली रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टोकाच्या आत फेराइटची (लोहयुक्त, चुंबकीय सिरॅमिकची) एक कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. त्यातून एका ठरावीक वारंवारतेचा प्रवाह फिरतो. बऱ्याच पॉइंटरांमध्ये ती १२ किलोहर्ट्झच्या आसपास असते. गॅरेट कंपनीच्या केशरी प्रो-पॉइंटर एटीमध्ये (पुढे नुसतं 'एटी') ११.५. धातू जवळ आला की या वेढ्यांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि सर्किट तो बदल मोजतं. पण बदल कशाच्या तुलनेत? तर बटण दाबलं त्या क्षणी जे काही आजूबाजूला होतं त्याच्या. दुकानदार रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करतो आणि मग साखर ओततो, तसंच हे. शून्य करताना डब्यात आधीच अर्धा किलो साखर असेल तर ती साखर काट्याच्या लेखी नाहीच.

आता नवशिका काय करतो ते बघा. गुडघ्यावर बसतो, पॉइंटर खड्ड्यात घालतो आणि मग बटण दाबतो. टोकापासून बोटभर अंतरावर नाणं आहे. पॉइंटरने ते नाणं धरूनच शून्य केलं. मग तो गप्प बसला तर त्याचा काय दोष? किंवा म्यानात असतानाच चालू केला, आणि म्यानाला खेटून कमरेला पोलादी खुरपं लटकतंय. पॉइंटर त्या पोलादासकट शून्य झाला. बाहेर काढल्यावर त्याचं शून्यच सरकलेलं, म्हणून पुढे त्याला बारीकसारीक काही जाणवत नाही. "कधी चालतो, कधी चालत नाही" या तक्रारीमागे बहुतेकदा एवढंच असतं.

यावर उपाय म्हणजे एक सवय. पॉइंटर काढा, हात बाजूला लांब करा, टोक हवेत, फावडं आणि कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) दोन्ही लांब, मग बटण. चालू झाल्याची बीप संपेपर्यंत हात स्थिर. त्यानंतरच खड्डा. अंगठी आणि कडं डाव्या हातात असेल आणि पॉइंटर उजव्या, तर प्रश्न नाही. पण डाव्या हाताने माती चाचपत उजव्याने पॉइंटर फिरवणारे आपण सगळेच, म्हणून अंगठी काढलेलीच बरी. पोलादी टोपीचे बूट घालून उकिडवं बसलात तर बुटाचं नाक खड्ड्याच्या काठावर येतं, तेही लक्षात असू द्या.

आधी घरी, मग शेतात

दोष कुठे आहे ते शेतात कळत नाही, कारण तिथे माती, डिटेक्टर, थंडी, सगळं एकाच वेळी असतं. घरी बसून वेगळं करा. लाकडी टेबलावर करू नका, खिळे-स्क्रू असतात. प्लास्टिकच्या बादलीवर किंवा सरळ हवेत धरा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, इंडक्शनची शेगडी आणि चार्जर लांब असू द्या.

हवेत स्थिर धरूनही वाजत असेल तर सेल, बाहेरचा विद्युत गोंगाट किंवा आतला सांधा, या तिघांपैकी एक. हवेत शांत आणि मातीला टोक लागताच वाजत असेल तर यंत्र बरंय, माती आणि सेन्सिटिव्हिटी जुळत नाही. हवेत शांत आणि नाण्यालाही शांत असेल तर पुन्हा सेलपासून सुरुवात.

चाचणीचं नाणं नीट निवडा, कारण इथे हमखास गफलत होते. ब्रिटनमध्ये १ आणि २ पेन्सची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, त्याआधीची काशाची. चुंबक लावलात की लगेच कळतं. भारतातलं हल्लीचं एक रुपयाचं नाणंही चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं. अशा नाण्याला कुठलाही पॉइंटर लांबून ओळखतो आणि तुमचा गैरसमज होतो की सगळं ठणठणीत आहे. खरी परीक्षा चांदीच्या पातळ जोडव्यावर घ्या. मध्ययुगातली हातोड्याने ठोकलेली चांदीची पेनी कागदासारखी पातळ असते, जोडवं तिच्या जवळ जातं. टोकाच्या बाजूने हळूहळू जवळ आणा, पहिली बीप कुठे होते ते पट्टीवर मोजा आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा. नवा घेतल्या दिवशीच लिहून ठेवला असेल तर उत्तम. पुढे "आता पूर्वीसारखा चालत नाही" असं वाटेल तेव्हा भांडायला पुरावा हातात असतो.

सेल

चौकोनी ९ व्होल्टचा सेल घेताना त्याच्या अंगावरची अक्षरं वाचा. ६एफ२२ असेल तर तो साधा झिंक-कार्बन, ६एलआर६१ असेल तर अल्कलाइन. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि किमतीत फरक असतो, म्हणून हात आपोआप पहिल्याकडे जातो. भिंतीवरच्या घड्याळाला झिंक-कार्बन चालतो. पॉइंटरमध्ये मात्र बीप वाजते, कंपनाची मोटर फिरते, दिवा लागतो, तेव्हा एकदम प्रवाह ओढला जातो आणि या सेलचं व्होल्टेज झपकन खाली बसतं. लक्षण अगदी ओळखू येणारं आहे: धातूजवळ एकदाच बीप, मग पॉइंटर बंद. किंवा बीप ऐवजी तुटक घरघर. मल्टिमीटरने मोजाल तर सेल नऊ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही चक्रावाल. भार नसताना घेतलेल्या मापाला अर्थ नाही. पॉइंटरमध्ये दुसरा ताजा अल्कलाइन घालून बघणं हीच खरी तपासणी.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडवर "९ व्होल्ट" छापलेलं असलं तरी आतल्या घटांच्या संख्येप्रमाणे तो ७.२ किंवा ८.४ व्होल्टचा असतो. काही पॉइंटर ७.२ वर सुरुवातीपासूनच सेल संपल्याची सूचना देत राहतात. यूएसबीने चार्ज होणारे लिथियमचे ९ व्होल्टचे सेल त्याहून फसवे. त्यांच्या पोटात व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट असतं, आणि काहींच्या सर्किटचा गोंगाट थेट पॉइंटरच्या कानात जातो. हवेत धरलेला पॉइंटर मधूनच टुक्-टुक् करत असेल आणि आत असा सेल असेल, तर आणखी काही शोधत बसू नका, सेल बदला.

सेल हलतोय का तेही बघा. पॉइंटर कानाजवळ हलवा. आत खुळखुळत असेल तर सेलच्या पोलादी आवरणाची हालचाल आणि स्प्रिंगचा सुटणारा संपर्क, दोन्ही मिळून खोट्या बीप देतात. दोन घड्या घातलेला कागद किंवा फोमची पातळ पट्टी बाजूला सारली की काम होतं. मात्र टोपणाच्या रबरी रिंगखाली ती पट्टी येऊ देऊ नका. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबू लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून पूर्ण कोरडं करा. सॅंडपेपरने घासणारे वरचा मुलामाच काढून टाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट येतो.

डिटेक्टरशी भांडण

हवेत घरी शांत, शेतात हवेत वाजतो: डिटेक्टरची कॉइल शेजारी चालू आहे. तीही तेच करतेय, चुंबकीय क्षेत्र सोडतेय. दोघांच्या वारंवारता जवळ असल्या की एकमेकांना ऐकू येतात. पहिल्या एक्सपी डेउस डिटेक्टरच्या मूळ कॉइलवर ४, ८, १२ आणि १८ किलोहर्ट्झ असे पर्याय होते. १२ वर ठेवून १२ च्या आसपासचा पॉइंटर काढलात तर कटकट होणारच. ८ किंवा १८ वर जा. मिनलॅब इक्विनॉक्ससारखा डिटेक्टर एकाच वेळी अनेक वारंवारता सोडण्याच्या मोडवर असेल तर हा मार्ग उरत नाही, मग कॉइल दोन-तीन फूट लांब आणि खड्ड्याकडे पाठ करून ठेवायची. काही पॉइंटरांमध्ये वारंवारता थोडी सरकवण्याची सोय असते. ती कुठल्या बटणाने होते ते ज्याच्या-त्याच्या पुस्तिकेत.

काही जण कंटाळून दर खड्ड्याला डिटेक्टर बंद करतात. मला ते पटत नाही. पॉइंटर सापडल्याचं सांगतो, पण खड्डा रिकामा झाला की नाही ते डिटेक्टरच सांगतो, आणि बंद-चालू करण्याच्या नादात ती शेवटची फेरी राहून जाते.

माती

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

टोक मातीला लागताच वाजणाऱ्या पॉइंटरची सेन्सिटिव्हिटी बहुधा कमाल पायरीवर असते. प्रो-पॉइंटर एटीला तीन पायऱ्या आहेत, इतर काहींना पाच किंवा त्याहून जास्त. पेटीतून काढल्यावर सगळे वरच्या पायरीवर जातात, कारण घरच्या टेबलावर नाणं लांबून सापडलेलं बघायला मजा येते. शेतात एक पायरी खाली या. खड्डा मुळात वीतभर रुंद असतो; त्यात एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरने पल्ला कमी झाला तर कुणाचं बिघडत नाही, पण मातीची बडबड थांबते.

तेवढ्याने भागलं नाही तर रिट्यून. एटीवर पॉइंटर चालू असताना बटण पटकन एकदा दाबलं की तो तिथल्या तिथे पुन्हा शून्य होतो. ही सोय नसलेल्या जुन्या पॉइंटरांना बंद करून चालू करावं लागतं. आता नीट बघा हे कसं करायचं. खड्ड्याच्या आत नाही. खड्ड्याच्या काठापासून वीतभर लांब, जिथे डिटेक्टर शांत होता अशा जागी बोटाने माती थोडी खरवडा म्हणजे ओल सारखी होईल. टोक त्या मातीत पेराएवढं रोवा, आणि टेकवलेलं असतानाच बटण दाबा. आता पॉइंटरच्या लेखी माती म्हणजे शून्य. तिथून उचलून खड्ड्यात न्या आणि भिंतींवरून सावकाश, टोक मातीला टेकवूनच फिरवा. मधेच हवेत उचललात तर त्याचं शून्य पुन्हा चुकेल.

हीच युक्ती उलटीही वापरता येते. धातू मोठा असला, समजा नांगराचा तुटका फाळ, की पॉइंटर सगळ्या खड्ड्यात सलग ओरडतो आणि टोकाला काय, बाजूला काय, कळत नाही. अशा वेळी मुद्दाम आवाजाच्या जागेजवळ जाऊन रिट्यून करा. पल्ला आखडतो आणि मग तो अगदी जवळ गेल्यावरच वाजतो.

मी इंग्लंडमधल्या सफोकमध्ये फिरतो. इकडची चिकणमाती आणि गारगोट्या पॉइंटरला फारशा छळत नाहीत. छळतं ते शेतावर पसरलेलं "ग्रीन वेस्ट": बागकचऱ्याचं कंपोस्ट म्हणून येतं आणि त्यात भरडलेल्या ॲल्युमिनियमच्या कॅनचे कपटे, फॉइल, कसल्या-कसल्या तारा. असं शेत लागलं की पॉइंटरला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो बिचारा खरंच सांगतोय.

दुसरा खरा बोलणारा म्हणजे गंज. खिळा काढून झाला तरी खड्डा वाजतोच, ही तक्रार फार ऐकू येते. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या लोखंडाभोवतीची माती गंजाने भरून तांबूस-काळी झालेली असते, आणि त्या गंजातला चुंबकीय भाग पॉइंटरला पुरतो. चिमूटभर माती प्लास्टिकच्या झाकणावर घ्या, खालून चुंबक फिरवा. कण चुंबकामागे पळाले तर उत्तर मिळालं. नाही पळाले तर खोदत राहा, खाली दुसरी वस्तू आहे.

महाराष्ट्रात हाच पॉइंटर वापरणाऱ्यांचं गणित वेगळं. दख्खनची काळी जमीन बेसॉल्टची, म्हणजे मॅग्नेटाइट आलंच. कोकणातला जांभा तर लोहानेच लाल झालेला. इथे मधल्या पायरीवरही पॉइंटर बोलत राहतो. सगळ्यात खालच्या पायरीवर या आणि दर खड्ड्याला मातीत टोक रोवून रिट्यून करा, त्याला पर्याय नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू इल्मेनाइटची. किनाऱ्यावर कुणाची अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी हरवली म्हणून शोधायला गेलात तर आधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून ओढा. पिशवीला काळी दाढी आली की समजा सेन्सिटिव्हिटी उतरवायची. त्यात खाऱ्या पाण्याने ओली वाळू वीजवाहक असते. कोरड्यातून ओल्यात टोक गेलं की बीप होते, म्हणून ओल्या वाळूतच रिट्यून करा आणि लाटेच्या रेषेवरून आत-बाहेर करू नका.

गडकिल्ल्यांवर मात्र हे प्रकरण घेऊन जाऊ नका, सेटिंग विचारूही नका. संरक्षित स्मारकांत खोदणं गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं; १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. इंग्लंडमध्ये छंद कायदेशीर आहे, पण तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळं वर्ज्य असतात, आणि १९९६ च्या ट्रेझर कायद्यात बसणारी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते.

थंडी आणि ऊन

फेराइटचे गुण तापमानाबरोबर बदलतात. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तापलेला पॉइंटर जानेवारीच्या गार चिखलात खुपसला, किंवा उलट, तर त्याचं शून्य हळूहळू सरकत जातं आणि काही मिनिटांनी तो आपोआप वाजू लागतो किंवा बहिरा होतो. शेताच्या बांधावर पोचल्यावर तो कमरेला लावून टाका. डिटेक्टर जुळवून होईपर्यंत तो बाहेरच्या हवेला येतो.

पाणी

जलरोधक पॉइंटर म्हणजे जलरोधक टोपण, आणि टोपण म्हणजे एक रबरी रिंग. एटी २० फुटांपर्यंत पाण्यात चालतो असं कंपनी सांगते, ते रिंग स्वच्छ असताना. सेल बदलताना वाळूचा एक कण तिच्यावर बसला की पाण्याला वाट मिळाली. रिंग बोटाने फिरवत पुसा, केसाएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन, खोबरेल असले घरगुती प्रयोग नकोत. समुद्रावरून आल्यावर टोपण घट्ट असतानाच नळाखाली धरा, वाळवा, मग उघडा. हा क्रम उलटा झाला की मिठाचं पाणी आपणच आत घालतो.

वखारीत

जुन्या वाड्याचं सागवान चिरण्याआधी त्यातले खिळे शोधायलाही पॉइंटर चांगला उपयोगी पडतो. तिथे माती नाही, सेन्सिटिव्हिटी बिनधास्त वर ठेवा. फक्त करवतीची मोटर बंद असू द्या आणि तुळई लोखंडी घोड्यावर नाही, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

टकटक करून पाहा

वरचं सगळं झालं आणि तरी वाजतोय. आता पॉइंटर हवेत धरा, चालू करा, आणि टोकावर दुसऱ्या हाताच्या नखाने हलकेच टकटक करा. अंगठी काढलेली असू द्या. दर टकटकीला बीप होत असेल तर आत काहीतरी सुटलंय: फेराइटची कांडी तडकलीय, किंवा तारेचं सोल्डर. फेराइट ठिसूळ असतं. पॉइंटर गारगोटीवर पडला, किंवा कुणी टोकानेच माती उकरत बसलं, की ते तडकतं. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. तडकलेली कांडी कधी नुसतीच अशक्त होते, वाजत नाही, पण जोडव्याचा पट्टीवरचा आकडा निम्म्यावर येतो.

टोक उघडायला जाऊ नका. बहुतेकांत ते राळेने बंद केलेलं असतं, आणि उघडलंत की वॉरंटी आणि जलरोधकता दोन्ही गेली. विक्रेत्याला लिहिताना "नीट चालत नाही" असं लिहून भागत नाही, त्यावर "सेल बदलून बघा" हेच उत्तर येतं. असं लिहा: ताजा ६एलआर६१ घातला, डिटेक्टर बंद होता, घरात हवेत धरून टोकावर टकटक केली की बीप होते, अमुक जोडवं पूर्वी इतक्या सेंटीमीटरवर वाजायचं, आता इतक्यावर. सोबत फोनवर काढलेली टकटकीची दहा सेकंदांची फीत जोडा, आवाज चालू ठेवून.